डोहाचा संस्थानिक

आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरांत मासळी शिजत नाहीं. म्हणून मासा हा प्राणीच आपल्या परिचयाचा नाहीं, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. दशावतारांचा आरंभ त्याच्यापासून, राशिचक्राचा शेवट त्याच्यावर. आणि घाटाच्या पायरीवर बसून नदींतील माशांस लाह्या व कणकेच्या गोळ्या टाकण्याचें पुण्य तर आपल्या आज्या-पणज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या जोडलें आहे. तेव्हां या महिन्यांत एका माशाची हकीकत सांगावयास घेतली, तर वाचकभगिनींनीं नाक मुरडूं नये. ही हकीकत ताटांतील माशाची नव्हे, विहिरींतील माशाची आहे. आणि ती विहीर आमच्या स्वतःच्या परसांतील होती.

रहिमतपूर हें सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव तालुक्यांत, कमंडलू नदीच्या कांठीं वसलेलें जुनें गांव. पुणें-मिरज लोहमार्गावर याच नांवाचें स्टेशन आहे. औंधास यमाईच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ लोक पूर्वीं येथें उतरून पुढें जात. कृष्णा गांवाच्या पश्चिमेस, कांहीं अंतरावरून वाहते. कमंडलू तिच्या मानानें अगदींच लहान. पावसाळ्यांत चार दिवस रागावते, आणि फाल्गुन-चैत्रांत पाहावें तर वाळू, खडक व मधूनमधून राहिलेले डोह, एवढाच तिचा संसार. पाण्याचें कौतुक मात्र या गांवास फार जुनें आहे. येथील मशिदीजवळ हत्तीकरवीं पाणी उपसण्यासाठीं बांधलेला एक उंच बुरूज आहे. मशिदींतील कारंजें उडावें म्हणून हा सारा खटाटोप केलेला होता. 'मत्स्यगंधा' हें १९६४ सालीं रंगभूमीवर आलेलें नाटक लिहिणारे वसंत कानेटकर यांचाहि जन्म १९२० सालीं याच गांवीं झाला. आमच्या माशाचा त्या नाटकाशीं कांहीं संबंध नाहीं. पण गांवचा माणूस म्हटला कीं उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं.

मी तेव्हां नऊ वर्षांचा असेन. पावसाळा नुकताच सरला होता आणि नदीचें पाणी ओसरून कांठच्या खळग्यांतून डबकीं राहिलीं होतीं. त्यांपैकीं एका डबक्यांत मला बोटाएवढा लांब एक मासा दिसला. इतर माशांसारखा तो चपटा नव्हता. अंग गोल, डोकें सापाच्या पिलासारखें, आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंत अंगावर केशरी पट्टा. मीं तो ओंजळीनें पकडला आणि बरोबर आणलेल्या तांब्यांत घातला. तांब्या देवघरांतील होता, हें घरीं आल्यावर आजीनें माझ्या लक्षांत आणून दिलें. त्यानंतर तो तांब्या चिंचेनें तीनदां घासला गेला, मला परसांत उभें करून आंघोळ घालण्यांत आली, आणि मासा विहिरींत गेला. "जीव आहे, बाहेर टाकूं नको," एवढाच आजीचा निवाडा होता.

विहिरींत अगोदरपासूनच काडीएवढे बारीक मासे होते. सकाळीं रहाट फिरूं लागला म्हणजे ते कोपऱ्यांत जमत. आठ-दहा बेडूकहि होते. नव्या पाहुण्याकडे प्रथम कोणीं लक्ष दिलें नाहीं. दुसरा उन्हाळा आला तेव्हां बारीक मासे दिसेनासे झाले. मग एका पावसाळ्यांत बेडकांचें ओरडणें थांबलें. रात्रीं झोंप चांगली लागते म्हणून आजी प्रथम संतुष्ट होती. परंतु भाद्रपदांत घागर उपसली कीं तींत बारीक वळवळ दिसूं लागली. डासांच्या अळ्या होत्या त्या. एकपदरी फडकें जाऊन दुहेरी फडकें आलें, विहिरींत तुरटी फिरली, पोटॅशची गुलाबी पुडी पडली. आजोबा म्हणाले, विहीर बिघडली. विहीर बिघडली नव्हती. विहिरींत राज्यक्रांति झाली होती. अळ्या खाणारे बारीक मासे होते, त्यांस खाणारी मरळ मीं आणून सोडली होती, आणि बारीक मासे संपल्याबरोबर अळ्यांस विचारणारें कोणी उरलें नव्हतें.

होय, तो मासा म्हणजे मरळ. आपल्याकडील नद्या, ओढे, तळीं, धरणांचे फुगवटे आणि मोठ्या विहिरी यांतून ही जात सर्वत्र आढळते. फ्रान्सिस हॅमिल्टन यानें गंगेंतील माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथांत तिचें वर्णन केलें. हल्लींच्या शास्त्रीय परिभाषेंत तिचें नांव 'चान्ना मारुलिअस' असें आहे; त्यांतील दुसरा शब्द वाचतांना आपली मरळ आठवल्यावांचून राहत नाहीं. पुढें दख्खनच्या माशांवर कर्नल साइक्स यानें १८३९ च्या सुमारास निबंध प्रसिद्ध केला. त्या गृहस्थानें भोई-कोळ्यांच्या तोंडचे शब्द उचलून त्यांवरच शास्त्रीय नांवें बसविलीं. 'मसुल्लाह', 'खुद्री', 'कोलुस' हीं नांवें आज जगांतील मत्स्यशास्त्राच्या कोणत्याहि ग्रंथांत सांपडतील. लॅटिन भाषेंत इतकी मराठी शिरलेली पाहून मला तरी मौज वाटते.

मरळ हातभर लांबीची सहज होते; चांगल्या मोठ्या पाण्यांत ती एक मीटरच्याहि पुढें जाते. पाठीवरचा पर डोक्यामागून निघून जवळजवळ शेपटीपर्यंत पोंचतो, खालचाहि तसाच लांब. डोक्यावर सापाच्या डोक्यावर असतात तसे मोठाले खवले असतात. म्हणूनच या सगळ्या कुळास सर्पशीर्ष असें नांव पडलें आहे. शेपटीच्या मुळाशीं वरच्या बाजूस एक काळा ठिपका आणि त्याच्याभोंवतीं फिकट कडें, जणूं दुसरा डोळाच. जबडा मोठा व दांत तीक्ष्ण. ती भक्ष्याच्या मागें धांवत सुटत नाहीं. लव्हाळ्यांच्या मुळांशीं, खडकाच्या कपारींत काठीसारखी निश्चल पडून राहते, आणि बेडूक वा बारीक मासा टप्प्यांत आला कीं एकाच झेपेंत त्याचा निकाल लावते. तिच्या डोहांत तिला खाणारा दुसरा मासा सहसा नसतो. जेथें पाणमांजर आहे, किंवा सांगलीकडे कृष्णेंत आहेत तशा मगरी आहेत, तेथें गोष्ट वेगळी. पण कमंडलूसारख्या नदीच्या डोहांत मरळ म्हणजे सार्वभौम सत्ता.

सार्वभौम खरी, पण कितीशा मुलुखावर? चार्लस् एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १९२७ सालीं एक साधी गोष्ट जगाच्या नजरेस आणून दिली: वनस्पति खाणारे पुष्कळ, त्यांस खाणारे थोडे, आणि त्यांसहि खाणारे अगदींच थोडे. ही उतरंड कां लागते, याचा हिशेब रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन संशोधकानें एका लहानशा तळ्याचा अभ्यास करून मांडला. त्याचा निबंध १९४२ सालीं छापला गेला आणि त्याच सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तो वारला. त्याच्या विचारावरून पुढें जो ढोबळ ठोकताळा रूढ झाला तो असा कीं, एका पायरीवरील अन्नाचा सुमारें दहावा हिस्साच वरच्या पायरीवर अंगीं लागतो. बाकीचें हालचालींत, श्वासांत आणि उष्णतेंत खर्च होऊन जातें. म्हणजे मरळीच्या अंगावर एक किलो मांस चढावयास दहा किलो बारीक मासे, त्यांसाठीं शंभर किलो किडे व पाणपिसवा, आणि त्यांच्यासाठीं हजार किलो शेवाळ, असा हा हिशेब. प्रत्यक्षांत आंकडे कमीजास्त होतात. प्रमाण मात्र असेंच भयंकर राहतें.

गृहिणींस हा हिशेब सांगण्याची आवश्यकता नाहीं. दुधाच्या कोणत्या राशींतून किती लोणी निघतें आणि त्या लोण्याचें कढविल्यावर किती तूप उरतें, हें त्यांस माहीत असतें. मरळ हें डोहाचें तूप आहे. म्हणूनच लहान पाण्यांत मोठा भक्षक राहूं शकत नाहीं, आणि मध्यम आकाराचा राहिला तर एखाददुसरी जोडीच राहते. आमच्या शेजारचें औंध संस्थान १९४८ सालीं विलीन होईपर्यंत तेथें राजा होता, दरबार होता, कायदेकानू होते. पण मुलूख पाहावा तर चार ठिकाणीं विखुरलेला आणि आटोपशीर. मरळीचें राज्य मला नेहमीं तशा संस्थानासारखें वाटत आलें आहे. वरून कोणी मालक नाहीं. पण खालून एक पीक बुडालें कीं गादी डळमळते.

आमच्या विहिरींतील संस्थानिकाचें नेमकें तेंच झालें. मी सहावींत असतांना वैशाखांत विहिरीचा गाळ काढावयाचें ठरलें. पंप लावून पाणी उपसलें, माणसें दोरानें खालीं उतरलीं, आणि घमेल्यामागून घमेलें काळा चिखल वर येऊं लागला. संध्याकाळीं एकजण खालून ओरडला, "आरं, साप हाय!" दुसऱ्यानें कुदळ उचलली. तिसरा जाणता होता, तो म्हणाला, "साप कुठला, मरळ हाय ती." पाणी उपसून दोन प्रहर लोटले होते, इतर कोणताहि मासा केव्हांच गतप्राण झाला असता, पण ही चिखलांत अर्धवट रुतून शांतपणें जगत होती.

याचें कारण तिच्या डोक्यांत आहे. कल्ल्यांच्या वरच्या बाजूस तिला दोन पोकळ्या असतात, आणि त्यांच्या आंतील घडीदार त्वचेंत रक्तवाहिन्यांचें दाट जाळें पसरलेलें असतें. पाण्यावर येऊन ती हवेचा घोट घेते आणि त्या पोकळ्यांतून प्राणवायु रक्तांत ओढून घेते. हें तिचें कसब केवळ अडचणीपुरतें नाहीं. जाळीखालीं अडकवून तिला पृष्ठभागापर्यंत येऊं दिलें नाहीं, तर भर पाण्यांत ती गुदमरून मरते. मासा पाण्यांत बुडून मरतो, हें ऐकून कोणीहि हंसेल. परंतु मरळीच्या बाबतींत तें अक्षरशः खरें आहे. विहिरीवर भर दुपारीं मधूनच 'गप्प' असा आवाज येई आणि वर्तुळें उठत. तो तिच्या श्वासाचा आवाज होता, हें मला त्या दिवशीं कळलें.

तिला घमेल्यांतून वर आणली तेव्हां ती हातभर लांब भरली, पण डोकें मोठें आणि अंग वाळलेलें. खावयास कांहीं उरलें नव्हतें. किडे, चतुरांच्या अळ्या, चुकून पडलेला एखादा बेडूक, यांवर तिनें दिवस काढले होते. गाळ काढणाऱ्यांपैकीं दोघांची नजर तिच्यावर होती, आणि त्यांत त्यांचें कांहीं चुकत होतें असें मला वाटत नाहीं. दिवसभर चिखलांत राबलेल्या माणसाला रात्रीं कालवण मिळालें तर कोणाचें काय बिघडणार? परंतु आजी पुढें झाली. तिनें त्या दोघांना मजुरीवर कांहीं पैसे जास्त दिले, एक जुनी घागर रिकामी केली, आणि मला म्हणाली, "तूं आणलीस ना? मग तूंच पोंचीव."

शतपथ ब्राह्मणांत मनूची जी कथा आहे, ती आजीनें पुराणांत ऐकलेली होती. सकाळीं हात धुवावयास आणलेल्या पाण्यांतून एक इवलासा मासा मनूच्या हातीं येतो आणि म्हणतो, माझें रक्षण कर, मी तुझें रक्षण करीन. आम्ही लहान असतों तोंवर आम्हांस फार भय असतें, कारण मासाच माशाला गिळतो. तेव्हां मला आधीं कुंभांत ठेव, कुंभांत मावेनासा झालों म्हणजे खड्डा खणून त्यांत ठेव, आणि त्यांतहि मावेनासा झालों म्हणजे समुद्रांत सोड. पुढें जलप्रलय येतो आणि तोच मासा मनूची नौका ओढून नेतो. लहानपणीं ही कथा ऐकतांना आपलें सारें लक्ष नौकेकडे असतें. मला आतां त्यांतील मत्स्यपालनाचें ज्ञान अधिक थक्क करतें. आजहि मरळीचीं पिलें वाढविणारे लोक त्यांस आकाराप्रमाणें निवडून वेगवेगळ्या कुंडांत ठेवतात. कारण एकाच विणीचीं भावंडें, पण एक जरा मोठें झालें कीं तें धाकट्यास गिळतें. तीन हजार वर्षांच्या आसपास ज्यानें ही कथा रचली, त्यानें मासे नीट पाहिले होते यांत शंका नाहीं. पुढें कौटिल्यानें राजदंडाच्या अभावीं बळी तो कान पिळी अशी जी अवस्था होते तिला 'मात्स्यन्याय' म्हटलें आणि माशाची अपकीर्ति शास्त्रांत कायमची झाली. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील सोमेश्वरानें 'मानसोल्लास' ग्रंथांत गळानें मासे धरण्याच्या क्रीडेवर एक प्रकरणच लिहिलें. त्यांत माशांस आमिष कोणतें द्यावें याचीहि चर्चा आहे. राजेलोकांस माशांचें राजकारण आवडावें, हें ठीकच आहे.

तर तांब्या, विहीर, घागर, आणि आतां डोह. चुलतभाऊ व मी अशी दोघांनीं काठीला बांधून ती घागर नदीवर नेली. आजी मागून पदर सांवरीत आली. डोहाच्या कांठीं एक वृद्ध भोई जाळें सुकवीत बसला होता. घागरींत डोकावून तो हंसला. "काकी, हिला हितं सोडताय व्हय? उद्या माज्याच गळाला लागल की."

"लागूं दे बाबा," आजी म्हणाली. "तुझा धंदाच तो. पण मृग तरी जाऊं दे. इतके दिवस उपाशी आहे बिचारी."

म्हातारा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मिरगातच तर ती जोडीनं बसत्यात, काकी. पिलांवरची मरळ मी न्हाय मारत. एक मारली की हजार मरत्यात. पिलं काळी पडली आन्‌ पांगली, मंग बगू." आजीनें मान डोलावली. दोघांचा करार झाला. घागर कलती केली, आणि आमची मरळ एकदां वळून, शेपटीवरचा डोळा दाखवून, लव्हाळ्यांत दिसेनाशी झाली.

त्या वर्षींच्या श्रावणांत म्हाताऱ्यानें मुद्दाम बोलावून मला डोहावर नेलें आणि बोटानें एक जागा दाखविली. पाण्यावर शेंदराचा डाग पडावा तसें कांहीं दिसत होतें. डाग हलत होता, लांबत होता, पुन्हां गोळा होत होता. तीं पिलें होतीं. शेंकडों. सगळीं एकाच वेळीं वर येऊन हवेचा घोट घेत आणि पाण्याला बारीक चरका उठे, जणूं तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत. त्यांच्या खालीं, हातभर खोल, एक लांब काळी सांवली स्थिर होती. तिच्या मागें दुसरी.

माशाच्या जातींत आईबापांची माया बहुधा अंडीं टाकतांच संपते. मरळीचें तसें नाहीं. पाऊस सुरू झाला कीं नर व मादी कांठाजवळच्या शेवाळांत व लव्हाळ्यांत थोडी मोकळी जागा करतात. तेथें घातलेलीं अंडीं तेलकट अंशामुळें पाण्यावर तरंगतात आणि एक-दोन दिवसांत फुटतात. तेव्हांपासून पिलें स्वतंत्र होईपर्यंत, कित्येक आठवडे, आईबाप त्यांच्या भोंवतीं गस्त घालतात. सगळ्या डोहाला खाणारा तो जबडा आपल्या पिलांच्या थव्याखालीं मिटलेला राहतो; बेडूक, कासव, दुसरा मासा, कोणीहि जवळ आला तर मात्र झडप पडते. माणसाच्या पायावरहि ती धांवून गेल्याच्या गोष्टी गांवोगांव ऐकावयास मिळतात. आणि त्या मायेंतच तिचा घात असतो. तांबडा थवा पाण्यावर दिसला कीं आईबाप कोठें आहेत हें आंधळ्यालाहि कळतें. एरवीं कपारींत दडून राहणारा हा सावध मासा त्या दिवसांत जागा सोडीत नाहीं. थव्यांत गळ टाकला तर भुकेनें नव्हे, रागानें त्यावर तुटून पडतो. भाला असला तर गळाचीहि आवश्यकता नाहीं. राखणदार गेला कीं घटकाभरांत डोहांतील बारीक मासे, ज्यांस मरळीनें आजवर खाल्लें, तेच पिलांचा फन्ना उडवितात. मात्स्यन्याय असा उलटाहि चालतो.

मरळीस मागणी मोठी आहे. कांटे थोडे, आणि पाण्याबाहेर पुष्कळ वेळ जिवंत राहत असल्यामुळें बाजारांत ताजी विकतां येते. तेलंगणानें तर तिच्याच कुळांतील माशाला राज्यमत्स्याचा मान दिला आहे. हैदराबादेस मृगाच्या सुमारास दम्याच्या रोग्यांस जिवंत लहान मरळीच्या तोंडांत औषध घालून ती गिळावयास देतात. शाकाहारी रोग्यांसाठीं तेंच औषध गुळांतून मिळतें. त्याचा गुण शास्त्रानें सिद्ध झालेला नाहीं, तरी हजारों लोक दरवर्षीं रांग लावतात. आपल्या वाचकांपैकीं कोणी त्या रांगेंत उभें राहिलें असेल, तर गुळाच्याच असेल, असें मी धरून चालतों.

लहान पाण्यांत असा मासा नेऊन सोडणारा मी एकटाच नव्हे, हें पुढें वाचनांत आलें तेव्हां थोडा धीर आला. अमेरिकेंत मेरीलंड राज्यांतील क्रॉफ्टन गांवीं एका गृहस्थानें आपल्या आजारी बहिणीस सूप करून द्यावें म्हणून चीनकडील मरळीची एक जोडी जिवंत मागविली. बहीण तोंवर बरी झाली. मासे मारवेनात, ठेववेनात. त्यानें ते गांवच्या तळ्यांत सोडून दिले. २००२ सालीं तळ्यांत त्यांची पिलावळ सांपडली, वर्तमानपत्रांनीं चालणाऱ्या राक्षसी माशाच्या कथा छापल्या, शेवटीं सरकारनें तळ्यांत विष घालून झाडून सारे मासे मारले आणि त्याच वर्षीं या कुळांतील सर्व जातींच्या आयातीवर बंदी घातली. तेथें ती उपरी होती; तिच्या सवयीचें पाणी नव्हतें, तिला ओळखणारें भक्ष्य नव्हतें, म्हणून भीति. आपल्या नद्यांत ती हजारों वर्षांची रहिवासी आहे आणि येथील बारीक मासे तिच्या भीतीनेंच शहाणे झालेले आहेत. येथें उपरे आहेत ते दुसरेच. १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणलेली तिलापिया, जिला आपल्याकडे चिलापी म्हणतात, ती उजनीसारख्या जलाशयांतून भरून राहिली आहे. आणि आफ्रिकेचा मागूर पाळण्यावर सरकारनें २००० सालींच बंदी घातली, तरी तो चोरूनमारून पाळला जातोच.

पाण्याची गोष्ट निराळीच. २०२३ च्या मार्चांत सांगलीजवळ अंकलीपाशीं कृष्णेंत मेलेल्या माशांचा खच तरंगत होता, हें पुष्कळांनीं वाचलें असेल. पाण्यांतील प्राणवायु संपला कीं कल्ल्यांवर जगणारे मासे प्रथम जातात. मरळ वर येऊन हवेचा घोट घेईल आणि तगेल. पण तगून करणार काय? आमच्या विहिरींत ती तशीच तगली होती, डोकें मोठें आणि अंग वाळलेलें. शिवाय कीटकनाशकें, पारा यांसारखीं जीं विषें शरीरांतून लवकर बाहेर पडत नाहींत, तीं एकेक पायरी चढतांना दाट होत जातात आणि सर्वांत वरच्या पायरीवरील प्राण्याच्या वांट्यास त्यांची साय येते. तुपाची उपमा मीं वर दिली ती येथेंहि लागू पडते, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

गेल्या श्रावणांत कांहीं कामानिमित्त रहिमतपुरास गेलों होतों. वाडा आतां आमचा राहिलेला नाहीं. विहिरीवर कांक्रीटचें झांकण आहे. सहज नदीवर गेलों. डोह पूर्वींपेक्षां उथळ झाला आहे, कडेला प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या आहेत, पण लव्हाळें आहे. त्या लव्हाळ्यापाशीं एक कॉलेजांतील मुलगा परदेशी बनावटीची काठी घेऊन उभा होता. दोरीच्या टोंकाला रबराचा हिरवा बेडूक. मी जवळ जाऊन पाहिलें, तर पांच-सहा हातांवर तोच शेंदरी डाग.

"बाळ, पिलांवर आहे ती," मी म्हणालों.

"माहीत आहे, आजोबा," तो म्हणाला. "म्हणून तर हमखास उसळी घेते." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यानें विचारलें, "तुम्ही खातां का मरळ?"

मी नाहीं म्हणालों, आणि विहिरीची, घागरीची व म्हाताऱ्या भोयाची हकीकत त्याला सांगितली. बरीच लांबली ती. त्यानें मध्यें एकदां घड्याळ पाहिलें, पण ऐकली. खालची काळी सांवली तेवढ्या वेळांत दोनदां वर येऊन श्वास घेऊन गेली. दुसऱ्या खेपेस इतक्या जवळ कीं आम्हां दोघांनाहि तिच्या शेपटीवरचा ठिपका दिसला. त्यानें हलक्या हातानें दोरी गुंडाळली, रबराचा बेडूक खिशांत घातला आणि काठी खांद्यावर टाकली.

"काळीं कधीं पडतात म्हणालांत पिलें?"

"महिनाभर धर."

"मग गणपतीनंतर येतों," असें म्हणून तो सायकलीकडे गेला.